डोकं दुखतंय? गाइडला लगेच सांगा

लडाखच्या मारखा व्हॅली ट्रेकला जायचं ठरवताय? छान निवड आहे. जून ते सप्टेंबर हा त्यासाठी चांगला काळ. वाटेत स्कियू, मारखा, हांकर अशी गावं लागतात. तिथले लोक आपल्या घरातच पाहुण्यांची सोय करतात. स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून गरमागरम थुक्पा खाण्याची मजा काही वेगळीच!

पण उंची विसरू नका. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आणि लेह शहरच साधारण ३,५०० मीटरवर. ट्रेकच्या शेवटी लागणारी कोंगमारू ला ही खिंड तर ५,२०० मीटरपेक्षाही उंच आहे. विमानाने लेहला गेलात तर पहिले दोन दिवस फक्त आराम करा. पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नका.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं ही विरळ हवा बाधल्याची लक्षणं आहेत. रोज जिमला जाणाऱ्यांनाही हा त्रास होतो. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडेल’ म्हणून अनेक जण तो लपवतात. तुम्ही तसं करू नका. त्याच गावात एखादा दिवस थांबलं की बहुतेकदा बरं वाटतं. मात्र चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायलाच हवं.

वेळेवर मागे फिरवणं हेही गाइडचं काम आहे. त्याचेही पैसे तुम्ही दिलेले असतात.