रुमाल आणि तसबीर

गोविंद बल्लाळ देवल म्हटलं की लोकांना 'शारदा' आठवते. आठवावीच. पण हरिपूरच्या (म्हणजे सांगलीला लागूनच, जिथे कृष्णेला वारणा मिळते) या नाटककाराचं डोकं मला जास्त दिसतं ते त्यांच्या दोन 'उसन्या' नाटकांत. १८९० साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव', आणि १८९३ साली आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग'वरून 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. या दुसऱ्याचंच पुढे १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' झालं.

उसनं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच : शेक्सपिअरने 'ऑथेल्लो'ची गोष्ट चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाकडून घेतली आणि मर्फीने आपली मोलिएरकडून. असो.

गंमत अशी की दोन्ही नाटकांना इनपुट एकच आहे. संशयी नवरा, आणि भलत्या हातात सापडलेली एक छोटीशी वस्तू. तिकडे रुमाल, इकडे तसबीर. आउटपुट मात्र एकीकडे खून आणि दुसरीकडे हसून हसून पोट दुखणं! असं का होतं?

माझ्या मते फरक आरडाओरड्याचा आहे. ऑथेल्लो रुमालाबद्दल विचारतो, नाही असं नाही. पण असा काही विचारतो की डेस्डेमोना घाबरून 'हरवला नाही' म्हणून मोकळी होते. ज्याने रुमाल नेऊन ठेवला त्या इयागोला तर तो शेवटपर्यंत प्रामाणिकच समजतो. लॉग कुणी लिहिला हे न बघता लॉगवर विश्वास ठेवणारे आमच्या धंद्यातही असतात, पण तिथे फार तर सर्व्हर बंद पडतो.

फाल्गुनरावाच्या घरी असं गप्प कोणी बसतच नाही. मुख्य म्हणजे कृत्तिकाही त्याच्यावर तेवढाच संशय घेते, आणि तोंडावर घेते. रेवतीची पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हातात आली म्हणून हा भडकतो. याने मूर्च्छा आलेल्या रेवतीला सावरलं म्हणून ती भडकते. दोघं भांडतात, शेजारपाजारचे ओढले जातात, आणि एवढ्या गोंधळात तसबीर कुठून कुणाकडे गेली याचा उलगडा होतो. बायकोला उलट बोलायचा हक्क आहे म्हणून हे नाटक विनोदी राहतं, असं मी म्हणेन. डेस्डेमोनाला तो नव्हता.

आता कुणी म्हणेल की हे सगळं जुनं झालं. अहो, आपल्याकडच्या जिल्हा पानांवर 'चारित्र्याच्या संशयावरून' अशी सुरुवात असलेल्या बातम्या अजून येतात. रुमालाच्या जागी मोबाईल आलाय. कुणाचा मेसेज, किती वाजता, 'ऑनलाइन' का होतीस... आणि तो स्क्रीनशॉट आणून देणारा इयागोही कुठेतरी असतोच.

आपण 'संशयकल्लोळ' गाण्यांसाठी बघतो आणि 'झुंझारराव' बघतच नाही. देवलांनी आधी कोणतं लिहिलं हे आपल्या लक्षातही येत नाही. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात कुणी शनिवारी एक आणि रविवारी दुसरं लावलं तर दोन्ही दिवसांची तिकिटं मी काढतो. फक्त शनिवारी 'झुंझारराव' ठेवा.