शहर आवडणं आणि शहर आपलं असणं

स्पेनचा विषय निघाला की हल्ली दोन सूर ऐकू येतात. जाऊन आलेली मंडळी म्हणतात, काय ते चौक, रात्री १० वाजतासुद्धा आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निवांत बसलेले! न गेलेली म्हणतात, छे, तिथे तर पाहुण्यांच्या अंगावर पाणी उडवतात.

पाणी उडवल्याची गोष्ट खरी आहे. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मोर्चा निघाला, तेव्हा काहींनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. हे वागणं शोभणारं नव्हेच. पण त्या लोकांना पाहुण्यांचा तिटकारा आहे, असं मला वाटत नाही. राहती घरं पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने दिली जाऊ लागली, भाडी वाढत गेली आणि जन्म काढलेली गल्ली सोडायची वेळ आली, तर कोण गप्प बसेल? अशा १० हजारांवर घरांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवणार नाही, असं तिथल्या महापौरांनी जून २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे दुखणं खोटं नव्हतं.

आपल्याला एखादं शहर आवडतं ते चार दिवसांपुरतं. राहणाऱ्याचं प्रेम निराळं. त्यात भांडण येतं, हट्ट येतो.

वॅलेन्सियाचंच बघा. १९५७ साली तुरिया नदीला महापूर आला आणि शहरात हाहाकार उडाला. पुढे नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रातून मोटारींचा मोठा रस्ता न्यायचा बेत होता. लोक अडून बसले, आम्हाला इथे हिरवळ हवी म्हणून. हुकूमशहा फ्रँकोच्या अखेरच्या वर्षांत असं मागणं सोपं नव्हतं. आज त्या पात्रात कित्येक किलोमीटर लांब बाग आहे. नदीवरचे जुने पूल तसेच आहेत, खाली मुलं खेळतात. आपण फोटो काढतो तो त्या हट्टाचा.

२९ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा पूर आला. वळवलेल्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं, पण पलीकडच्या वस्त्या बुडाल्या. २०० हून अधिक माणसं गेली. त्यानंतरच्या दिवसांत शहरातली हजारो माणसं झाडू, फावडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पायी पूल ओलांडून चिखल उपसायला गेली. कोणी बोलवायची वाट पाहिली नाही.

माझ्या मते एखाद्या शहराबद्दल कुणाला काय वाटतं, हे अशा वेळी कळतं. पिचकारी मारणारा आणि फावडं घेऊन निघालेला, दोघांच्याही मनात एकच गोष्ट असते, की हे आपलं आहे.

असो. स्पेनला जरूर जा. मात्र उतरायला रीतसर हॉटेल बघा, कुणाचं राहतं घर नको. आणि संध्याकाळी चौकातला बाक भरला असेल, तर दोन मिनिटं उभं राहायला काय हरकत आहे?