रोजचा शब्द : नॉमिनी

बँकेत खाते उघडताना, मुदत ठेव ठेवताना किंवा शेअर घेताना अर्जात एक रकाना हमखास येतो - नॉमिनी. आपण घाईघाईत थोरल्या मुलाचे नाव लिहितो आणि सही करून मोकळे होतो. या शब्दाचा अर्थ काय, हे आपण कधी विचारत नाही.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘नोमेन’ म्हणजे नाव हा शब्द आहे. ज्याचे नाव सुचवले, तो नॉमिनी. निवडणुकीचा अर्ज भरला की नॉमिनेशन झाले असे आपण म्हणतो. पुरस्कारासाठी नाव सुचवले तरी तेच म्हणतो. पण अर्ज भरला म्हणून कुणी निवडून येत नाही. तसेच रकान्यात नाव आले म्हणून कुणी मालक होत नाही.

घोळ होतो तो इथेच. अब्बांच्या इंतकालनंतर बँक ठेवीची रक्कम नॉमिनीच्या हाती देते. “अब्बांनी माझेच नाव घातले होते,” असे थोरला म्हणतो. अम्मी गप्प बसते, बहिणी मन मारून सासरी परततात. कायदा मात्र थोरल्याच्या बाजूने नाही. नॉमिनी बँकेतून पैसे घेऊ शकतो, मालकी वारसांचीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. कंपन्यांच्या शेअरबाबतही २०२३ साली हाच निर्णय आला. आता बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, तरी वारसांचा हक्क बदललेला नाही. आयुर्विम्याचे नियम २०१५ पासून वेगळे आहेत. तिथे वकिलाला विचारूनच पाऊल उचलावे.

आपल्या घरांत यासाठी एक ओळखीचा शब्द आहे - अमानत. नॉमिनी हा अमानतदार. आलेल्या पैशातून आधी कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडायचे. बायकोची मेहर राहिली असेल तर तेही कर्जच. मग वसियत असेल तर ती, फार तर एक तृतीयांशापर्यंत. उरेल त्याची वाटणी. मुले असतील तर बायकोला आठवा हिस्सा, मुलाच्या निम्मा मुलीला. बहिणीने तोंडाने मागितले नाही, म्हणून तिचा हिस्सा संपत नाही.

म्हणून आज घरातली पासबुके काढून कुणाचे नाव आहे ते पाहू या. आणि सगळ्यांना समोर बसवून सांगून ठेवू या : हे नाव पैसे आणण्यासाठी आहे, ठेवून घेण्यासाठी नाही.