आरसा नेमका कुठे लावायचा? फेंगशुईचे नियम, परभणीचे ऊन आणि कायदा : समजून घ्या सविस्तर

परभणी : नव्या घराला रंग लागला, सामान आले की एक प्रश्न हमखास निघतो, आरसा कुठल्या भिंतीला लावायचा? पलंगासमोर नको, दारासमोर नको, उत्तरेलाच हवा, अशा सूचना रील्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी पोहोचल्या आहेत. जिल्ह्यातल्या अनेक घरांत सर्वांत मोठा आरसा लोखंडी कपाटाच्या दाराला किंवा लग्नात आलेल्या ड्रेसिंग टेबलला असतो. दोन खोल्यांच्या घरात ते ठेवायला जागा एकच असते. मग आजारपण आले, दुकान चालेनासे झाले की बोट त्या आरशाकडे जाते आणि पुष्कळदा तो घेऊन आलेल्या सुनेकडेही. म्हणूनच या नियमांत तथ्य किती, हे तपासून पाहायला हवे.

नियम काय सांगतात?

फेंगशुई ही चिनी परंपरा आहे. ‘फेंग’ म्हणजे वारा, ‘शुई’ म्हणजे पाणी. घरात ‘ची’ नावाची ऊर्जा फिरते आणि आरसा तिची दिशा बदलतो, अशी यामागची समजूत. मुख्य दारासमोरच्या आरशाने ही ऊर्जा बाहेर परतते, पलंगासमोरच्या आरशाने झोप बिघडते, असे सांगितले जाते. शेगडीमागचा आरसा मात्र शुभ मानतात, कारण प्रतिबिंबात अन्न ‘दुप्पट’ दिसते.

आपल्याकडचे वास्तू सल्लागार बहुधा उत्तर किंवा पूर्व भिंत सुचवतात आणि स्वयंपाकघरात शेगडीचे प्रतिबिंब दिसू नये असे बजावतात. म्हणजे एकाच शेगडीबाबत दोन पद्धती परस्परविरोधी सल्ला देतात. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

हे नियम किती जुने?

फेंगशुईचा बराचसा पाया हवामानात आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात. त्यामुळे पाठीशी डोंगर आणि दक्षिणेला तोंड असलेले घर उबदार राहते. तिथे हा शहाणपणाचा सल्ला होता. भिंतभर आरशाचे नियम मात्र तेवढे जुने असणे कठीण आहे. प्राचीन चीनमध्ये आणि भारतातही आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे, हातात मावतील एवढे असत. काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक पद्धत जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. मोठा आरसा सामान्य घरात आला तो त्यानंतर.

पलंगासमोर आरसा का खटकतो?

या नियमामागे अनुभव असू शकतो. इटलीतील मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुतो यांनी २०१० मध्ये ५० जणांना मंद प्रकाशात आरशात टक लावून बघायला सांगितले. अनेकांना स्वतःचा चेहरा विद्रूप झालेला, काहींना अनोळखी माणसाचा दिसला. अंधूक उजेडात मेंदू चेहऱ्याचे अपुरे चित्र आपल्या परीने पुरे करतो. रात्री दचकायला होत असेल तर आरशावर पडदा टाकावा. काम झाले. त्यासाठी पलंग हलवायची गरज नाही आणि आजारपणाचे खापर आरशावर फोडायचीही नाही.

परभणीत आधी खिडकी पाहा

परभणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत शिरते. ‘शुभ’ मानलेल्या पूर्व भिंतीवरचा आरसा नेमका याच खिडकीसमोर येतो. तो उष्णता निर्माण करत नाही, पण आलेली तिरीप डोळ्यांवर, टीव्हीवर किंवा झोपलेल्या माणसावर फेकतो. उत्तर भिंतीचा आरसा हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतले ऊन खोलीत पसरवतो, तेव्हा तो उपयोगी ठरतो. म्हणजे नियम एका घरात जमतो, दुसऱ्यात फसतो. फरक पडतो तो खिडकीने.

दाढीचा, चेहरा मोठा दाखवणारा अंतर्गोल आरसा मात्र थेट उन्हात कधीही ठेवू नये. तो ऊन एका जागी एकवटतो आणि पडदा किंवा कागद पेटू शकतो.

केवढा घ्यावा, कसा लावावा?

• संपूर्ण शरीर दिसायला उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. साडेपाच फुटांच्या माणसाला पावणेतीन फूट उंचीचा आरसा योग्य उंचीवर लावला की झाले. मागे सरकल्याने यात फरक पडत नाही.

• ५ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला सुमारे साडेबारा किलो भरते. चार बाय तीन फुटांचा आरसा फ्रेम सोडून जवळपास १४ किलोंचा होतो. मातीच्या किंवा पोपडे निघालेल्या भिंतीत नुसता खिळा ठोकून तो टांगू नये.

• लहान मुले असतील तर टेकवून ठेवलेला आरसा भिंतीला पक्का बांधावा.

कायदा काय म्हणतो?

राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने वास्तुशास्त्राचा सल्ला गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. सल्ला देणे आणि घेणे यांना मनाई नाही. पण चमत्काराचा दावा करून वस्तू विकणे वेगळे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अलौकिक शक्तीचे दावे करून यंत्रे विकणाऱ्या टीव्हीवरील जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. परभणी जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. खोटे दावे करून वस्तू गळ्यात मारली गेली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

मग करायचे काय?

एखाद्या आजीला दारासमोरचा आरसा खटकत असेल, तर तो बाजूच्या भिंतीवर नेण्यात काही बिघडत नाही. खर्च शून्य आणि घरात शांतता. अडचण सुरू होते ती भीतीची किंमत आकारली जाते तेव्हा. दार फोडा, बेसिन हलवा, अष्टकोनी आरसा विकत घ्या, नाहीतर संकट येईल, असे कोणी म्हणाले की थांबावे. ताप आला तर डॉक्टर, कर्ज थकले तर बँक आणि दुकान चालत नसेल तर हिशेबाची वही, ही दारे आधी गाठावीत. आरसा समोर असेल ते दाखवतो. घरात काय चुकते आहे, हे तो ठरवत नाही. ते घरातल्यांनीच एकत्र बसून शोधायचे असते, आणि तेही सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता.