नकाशावरच्या रेषा आणि पाण्यातल्या

कला शाखेच्या विद्यार्थ्याने समुद्रातल्या किड्यामुंगीवर लेखणी का झिजवावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे उत्तर सरळ आहे. भूगोल, कायदा आणि राज्यकारभार हे आपलेच विषय आहेत, आणि तांदळाच्या दाण्याहून लहान अशा एका जीवाने या तिन्हींची परीक्षा घेतली आहे.

त्याचे नाव कॅलॅनस फिनमार्किकस. कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातला हा प्राणिप्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारा इवलासा प्राणी, उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात राहतो. वसंतात वरच्या थरातल्या सूक्ष्म वनस्पती खाऊन तो अंगात तेल साठवतो आणि पुढे शेकडो मीटर खोल जाऊन त्या तेलावर निपचित पडून राहतो. पाणी किती थंड आहे, प्रवाह कुठून येतो, यावरच त्याचा मुक्काम ठरतो. आणि त्याच्यावर कॉड माशाची पिल्ले, हेरिंग, एवढेच काय, राइट व्हेल हा अजस्र देवमासाही पोसला जातो.

हा मुक्काम आता हलू लागला आहे. ॲलिस्टर हार्डी यांनी शोधलेले एक यंत्र १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे ओढले जाते. त्यातल्या रेशमी कापडावर अडकलेले प्लवक मोजले जातात. या नोंदींवरूनच कळले, की विसाव्या शतकाच्या शेवटच्या चाळीस वर्षांत ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातल्या जाती सुमारे १० अक्षांश, म्हणजे जवळजवळ ११०० किलोमीटर, उत्तरेला सरकल्या. उत्तर समुद्रात कॅलॅनसची जागा त्याच्याच ऊब मानवणाऱ्या भाऊबंदाने घेतली. परंतु त्याची भरती उन्हाळा संपताना येते, आणि कॉडच्या पिल्लांना भूक लागते वसंतात!

पलीकडच्या किनाऱ्यावरची गोष्ट अधिक बोलकी आहे. राइट व्हेल जहाजांखाली सापडू नयेत म्हणून २००३ साली कॅनडाने फंडीच्या उपसागरातला जहाजमार्ग बाजूला सरकवला. पाऊल स्तुत्यच होते. पण २०१० च्या सुमारास जवळच्या मेनच्या आखातात खोलवर उबदार पाणी शिरले, कॅलॅनस विरळ झाला, आणि भुकेले देवमासे उत्तरेला सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले. तिथे त्यांच्यासाठी असा कोणताच नियम तयार नव्हता. २०१७ साली कॅनडाच्या पाण्यात १२ राइट व्हेल मृत आढळले. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले, त्यांत जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर हीच कारणे प्रमुख होती. साऱ्या जगात या जातीचे ४०० देखील प्राणी उरलेले नाहीत.

जहाजवाले आणि कोळी विचारतील, रोज सरकणाऱ्या रेषेवर आम्ही धंदा कसा करायचा? त्यांची तक्रार रास्त आहे, कारण प्रश्न पोटाचा आहे. परंतु नियम कायम ठेवूनही त्याची जागा बदलती ठेवता येते. व्हेल दिसला की वेग कमी, सापळे बंद, हे सर्वांना आधीच ठाऊक असले म्हणजे झाले. कॅनडाने २०१७ नंतर हीच वाट धरली. २०१८ साली तिथे एकही मृत्यू नोंदला गेला नाही. २०१९ मध्ये मात्र पुन्हा नऊ झाले.

यावरून माझे मत असे झाले आहे, की देवमासा दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. खोल पाण्याचे तापमान आणि कॅलॅनसची संख्या यांकडे आधी पाहिले पाहिजे. देवमाशाच्या चित्रासाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात; रेशमी कापडावरचे दाणे वर्षानुवर्षे मोजणाऱ्यांना कोण विचारतो? ज्यांना उद्या कायदे लिहायचे आहेत, त्या माझ्या मित्रांनी या मोजदादीसाठी तिजोरीत कायमची तरतूद ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.