चकाकी म्हणजे प्रूफ नव्हे

जुने नाणे चकचकीत दिसले की त्याला सरसकट ‘प्रूफ’ म्हणायची एक पद्धत पडली आहे. “आमच्या आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया, अगदी प्रूफ आहे हो!” असे सांगणारे निदान चार जण मला भेटले. चौघांचाही रुपया १८६२ सालचा होता आणि चौघांचाही घासलेला होता.

मुळात प्रूफ हा शब्द नाण्याच्या आजच्या रूपाबद्दल नाही, त्याच्या घडणीबद्दल आहे. टांकसाळीत त्यासाठी साचे आरशासारखे घोटतात, कोरी चकतीही निवडून चकचकीत करतात आणि बहुधा एकाहून अधिक वेळा ठोकतात. नमुन्यासाठी, भेटीसाठी किंवा संग्राहकांसाठी अशी मोजकीच नाणी पाडतात. असे नाणे चुकून खिशात फिरून झिजले तरी ते झिजलेले प्रूफच राहते. उलट बाजार फिरून आलेला रुपया कितीही घासा, तो प्रूफ होत नाही.

१८६२ च्या रुपयाचे तर आणखी एक आहे. त्यावरचे साल १८७४ पर्यंत बदललेच नाही. तेच साल घालून रुपये पाडत राहिले. म्हणून तो इतक्या घरांत सापडतो. त्याला कोणी प्रूफ म्हणाले की आधी शंका घ्यावी.

शंका फेडायला एक भिंग आणि एक दिवा पुरे. राणीच्या नावातल्या इंग्रजी ‘ओ’च्या पोटात बघा. खऱ्या प्रूफची चमक साच्यातून आलेली असते, त्यामुळे ती अक्षराच्या मुळाशी आणि पोटातही असते. नाणे झिजले तर मधली उघडी जागा आधी मंद होते, अक्षरांच्या आडोशाला आरसा टिकून राहतो. घासलेल्या नाण्यात नेमके उलटे! उघडी जागा लखलखते आणि फडके जिथे पोचत नाही त्या अक्षरांभोवती मंद कडे दिसते. कोपऱ्यात काळा मळ नाहीतर पावडर अडकलेली असते. मुकुटावरचे खडे आणि चोळीवरची वेलबुट्टी गुळगुळीत झालेली असते. दिव्याखाली तिरपे धरून फिरवले की एकाच दिशेचे बारीक ओरखडे उठून दिसतात.

किनारही बघावी. पूर्वी रुपयांना कडी लावून माळेत ओवत. ती कडी काढली की डाख दिल्याची खूण उरते, आणि ती लपवायलाही घासकाम होते. वजनावर मात्र विसंबू नये. ११.६६ ग्रॅमचा काटा बनावट नाणे पकडील, पण घासण्यात चांदी इतकी थोडी जाते की काट्याला तिचा पत्ता लागत नाही.

आणखी एक गुंता आहे. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या सालांची प्रूफ नाणी नव्याने पाडून दिली, १९७० पर्यंत. ती टांकसाळीचीच खरी, पण त्यांच्यावर लिहिलेल्या सालची नव्हेत. विकणाऱ्याने हे सांगूनच विकावे.

यावर काही जण म्हणतात, “बिघडले काय? चांदी तर खरी आहे ना!” चांदी खरी आहे, पण पैसे चांदीचे घेतलेले नसतात, ‘प्रूफ’ या शब्दाचे घेतलेले असतात. पेन्शनीतून साठवून नातवासाठी असे नाणे घेणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची फसवणूक पंधरा-वीस वर्षांनी, नातू ते विकायला जाईल तेव्हा उघडकीला येईल. तोवर विकणाराही सापडायचा नाही आणि आजोबाही नसतील. म्हणून पाकिटावर ‘घासलेले’ एवढा एक शब्द लिहिणे मला सचोटीची किमान अट वाटते.

लक्ष्मीपूजनाला आपण रांगोळीने किंवा राखेने नाणी लखलखीत करतो, त्याला माझी हरकत नाही. ती देवघराची नाणी. तिथे त्यांचे काम चमकणे हेच. पण डब्यात एखादे न घासलेले काळपट नाणे असेल तर ते तसेच राहू द्या. त्यावरचा काळेपणा जमायला शंभर वर्षे लागली आहेत, आणि घालवायला पाच मिनिटे पुरतात. साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, घासू मात्र नका.