जहाज आमचे, इंजिन कोणाचे?

जुवारीच्या तीरावरील गोवा शिपयार्डमधून नवी नौका पाण्यात उतरते तेव्हा नारळ फुटतो, भाषणे होतात, स्वदेशीचा गजर होतो. तो रास्तच आहे. पण त्या नौकेच्या पोटातील इंजिन कोठले, हे अशा मंगल प्रसंगी सहसा कोणी विचारीत नाही. मोठ्या शक्तीची डिझेल इंजिने आपण आजवर बहुतांशी परदेशांतूनच आणीत आलो, ही कबुली खुद्द सरकारचीच आहे. म्हणूनच नौदलासाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या पुण्याच्या कंपनीशी २ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या कराराचे मोल आम्हांस अधिक वाटते. सहा मेगावॉटचे, म्हणजे सुमारे आठ हजार अश्वशक्तीचे, मध्यम गतीचे सागरी इंजिन देशात घडवावयाचे, २७० कोटींच्या खर्चापैकी ७० टक्के भार सरकारने उचलावयाचा आणि किमान ५० टक्के भाग देशी असावयाचे, असा हा संकल्प आहे.

पंपाचे इंजिन मोठे केले की जहाजाचे होते, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. दांडगा क्रँकशाफ्ट, प्रचंड दाबाने इंधन फवारणारी यंत्रणा, तप्त वायूंवर गरगरणारा टर्बोचार्जर, या प्रत्येकाचे धातुशास्त्र निराळे. १८९३ साली पेटंट मिळालेल्या रुडॉल्फ डिझेललाही समाधानकारक चालणारे इंजिन दाखविण्यास १८९७ साल उजाडले!

परावलंबनाची किंमत काय पडते, ते थायलंडला विचारावे. २०१७ साली त्याने चीनकडून पाणबुडी मागविली. इंजिन जर्मन बसावयाचे होते. चीनवरील युरोपीय शस्त्रबंदी आड आली, जर्मनीने इंजिन नाकारले आणि पाणबुडी वर्षानुवर्षे रखडली. अखेर २०२५ मध्ये चिनी इंजिन पत्करणे थायलंडला भाग पडले.

आमची शंका त्या ५० टक्क्यांविषयी आहे. निम्मे देशी, पण कोणते निम्मे? नळ्या, टाक्या आणि रंग आपले, नि क्रँकशाफ्ट व इंधनयंत्रणा बाहेरची, असे झाले तर आकडा पुरा होईल, अडवणूक मात्र कायम राहील. दुसरे असे की, नमुना बनवून भागत नाही. समुद्रावर हजारो तास चालल्यावाचून इंजिनावर कोणी कप्तान विश्वास टाकीत नाही आणि विश्वासावाचून मागणी येत नाही. हे चक्र सरकारनेच भेदले पाहिजे. नमुना चाचणीत उतरताच तो एखाद्या साहाय्यक नौकेत बसवावा आणि पुढील इंजिनांची मागणी आजच लेखी नोंदवावी.